सेमिनारकर

गिऱ्हाईक हवं असलं की माणसं दुकान थाटतात, पाटी रंगवून घेतात, दूरच्या मामेभावाला अचानक फोन करतात. आमच्या सेमिनारकरांना गिऱ्हाईक हवं असलं की ते आधी खुर्च्या मोजतात.

सेमिनारकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते सोसायटीने त्यांना एकमताने दिलेलं आहे, आणि आमच्या सोसायटीत एकमताने झालेली बहुधा तेवढी एकच गोष्ट. वय साठीला टेकलेलं, शर्ट कायम खोचलेला, खिशाला दोन पेनं. एक लिहायला, एक द्यायला. धंद्याने ते म्युच्युअल फंडांचे वितरक. व्हिजिटिंग कार्डावर त्यांचा एआरएन, म्हणजे ॲम्फी या फंडांच्या संघटनेकडचा नोंदणी क्रमांक, नावापेक्षा ठळक छापलेला आहे, कारण नाव आईवडिलांनी फुकट दिलं आणि क्रमांकासाठी मात्र उतारवयात एनआयएसएमच्या परीक्षेला बसावं लागलं. ते पास झाले तेव्हा वहिनींनी जिन्यात उभं राहून पेढे वाटले होते. त्याआधी ते विमा विकत. त्याआधी सोलर वॉटर हीटर. त्याहीआधी पाणी शुद्ध करायचं यंत्र. माल बदलत गेला, सेमिनार बदलला नाही.

याचा पुरावा म्हणजे त्यांचा फ्लेक्स. वर ‘सहर्ष स्वागत’, खाली संयोजकांचा फोटो, केस असतानाचा, आणि मधोमध विषयाची पट्टी. धंदा बदलला की नवी पट्टी जुन्या पट्टीवर चिकटवायची. हॉलमधला एसी नीट लागला की पट्टीचा उजवा कोपरा सुटतो आणि ‘निवृत्तीनंतरचं नियोजन’ याच्या शेवटी ‘गरम पाणी’ डोकावतं. नवा फ्लेक्स करून घ्या, असं कुणी सुचवलं तर म्हणतात, ‘राहू दे हो. निवृत्तीनंतर तेही लागतंच.’

सेमिनारची तारीख काढणं हे त्यांच्या मते लग्नाचा मुहूर्त काढण्याहून अवघड काम. लग्नाला माणसं आहेर घेऊन का होईना, पण येतात. सेमिनारला यायला त्यांना कारण लागतं आणि न यायला निमित्त पुरतं. म्हणून घरात दोन कालनिर्णय टांगलेली. एक स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाचं, दुसरं बैठकीत धंद्याचं. धंद्याच्या कालनिर्णयावर लाल फुल्या असतात. महिन्याची पहिली तारीख बाद, कारण तेव्हा पेन्शनर मंडळी पासबुक भरून घ्यायच्या रांगेत उभी असतात. संकष्टी बाद, कारण उपासवाल्यांसाठी खिचडी केली की उपास नसलेलेही खिचडीच घेतात. रविवारची सकाळ बाद, कारण ती अमेरिकेतल्या मुलांच्या व्हिडिओ कॉलची. क्रिकेटचा मोठा सामना बाद. संध्याकाळी सातनंतरची वेळ कायमची बाद, कारण मालिका सुरू होतात आणि मग श्रोत्यांतला अर्धा भाग, म्हणजे ज्याच्या हातात घराच्या किल्ल्या असतात तो भाग, उठून जातो.

पितृपक्ष मात्र त्यांच्याकडे बाद नाही. उलट त्या पंधरवड्याला हिरव्या शाईची चौकट असते.

‘हॉल पाडून मिळतो,’ ते सांगतात. ‘लग्न नाही, मुंज नाही, बारसं नाही. मालक स्वतः फोन करतो, या म्हणून. आणि लोकही घरी मोकळेच असतात.’

‘पण पितृपक्षात नवी गुंतवणूक कोण करणार?’

‘सही मागतोय कोण? ऐकायला कुठे दोष लागतो? आत्ता ऐकवायचं, सही घटस्थापनेला.’

तारखेनंतर खुर्च्या. साठ माणसं येतील असा अंदाज असला तर सेमिनारकर चाळीसच खुर्च्या मांडतात. उरलेल्या वीस पडद्यामागे रचलेल्या. चाळिसावा माणूस बसला की त्यांचा आवाज हॉलभर घुमतो, ‘अरे, खुर्च्या आणा, खुर्च्या!’ मग दोन पोरं डोक्यावर खुर्च्या घेऊन धावतात, आधी बसलेले मागे वळून बघतात, थोडं सरकून घेतात. ‘रिकाम्या खुर्च्या दिसल्या की माणसाला वाटतं, आपण फसलो,’ सेमिनारकर म्हणतात. ‘खुर्च्या कमी पडलेल्या दिसल्या की वाटतं, बरं झालं वेळेवर आलो.’ या वाक्यावर एखाद्या मॅनेजमेंट कॉलेजात सहा महिन्यांचा कोर्स निघाला असता. सेमिनारकरांनी ते मला जिन्यात, दुधाच्या पिशव्या हातात असताना सांगितलं.

साठ हा आकडा तरी कुठून येतो? त्याचंही सूत्र आहे. अडीचशे लोकांना निमंत्रण द्यायचं. त्यातले शंभर ‘बघतो’ म्हणतात, ते येत नाहीत. शंभर ‘नक्की येतो’ म्हणतात, त्यातले पाच येतात. पन्नास काहीच म्हणत नाहीत, ते मात्र झाडून येतात, वर पाच जणांना बरोबर घेऊन येतात. साठांतले दहा ऐकतात. दहांतले पाच विचार करतात. पाचांतला एक सही करतो. ‘आणि त्या एकाचा मेहुणा,’ असं ते शेवटी जोडतात. मेहुणा त्यांच्या ताळेबंदात नेहमी जमेच्या बाजूला असतो.

खाण्याच्या बाबतीत त्यांनी बराच काळ प्रयोग केले. समोसा तेलकट, आणि रात्री ॲसिडिटी झाली तर दोष फंडावर येतो. बटाटेवडा खाल्ला की माणूस ऐकत नाही, पेंगतो. कचोरीचं आणि कवळीचं जमत नाही. शिरा केला तर समोर निम्म्यांना मधुमेह, आणि ते निम्मेच दोनदा घेतात. उरला उपमा. मऊ, गरम, निरुपद्रवी, आणि कुणालाही स्वतःच्या घरच्यापेक्षा वाईट न वाटणारा. शेव वेगळ्या वाटीत, कारण शेवेबद्दल पुण्यात मतभेद आहेत. चहाच्या दोन किटल्या. बिनसाखरेच्या किटलीच्या कानाला लाल दोरा. हिशेब काहीही केला तरी बिनसाखरेचा उरतो आणि साखरेचा पुरत नाही.

उपमा शेवटी, हा त्यांच्या घटनेतला न बदलता येणारा अनुच्छेद. आधी दिला तर लोक हात धुवायला म्हणून जातात ते थेट घरी. पण नुसता शेवटी ठेवून भागत नाही. तो आहे, हे लोकांना कळत राहिलं पाहिजे. म्हणून बरोबर सहा चाळीसला, भाषण उतरणीला लागलेलं असताना, केटररचा पोरगा मागच्या टेबलावरच्या पातेल्याचं झाकण तिरकं करतो, मनात पाच आकडे मोजतो आणि परत ठेवतो. कढीपत्त्याचा आणि तुपाचा वास मधल्या वाटेने पुढे येतो. चुळबुळणारी तिसरी रांग शांत होते. जायला निघालेले एक गृहस्थ चपला शोधता शोधता परत खुर्चीत बसतात. सेमिनारकर मंचावरून हे सगळं बघतात आणि आवाज अर्ध्या पट्टीने खाली आणतात. जे सांगायचं ते ते या पाच-सात मिनिटांतच सांगतात. आधीचा तासभर हा वास येण्याची वाट बघण्यात गेलेला असतो.

श्रोत्यांचीही बाजू आहे. पुण्याला व्याख्यान ऐकायची सवय न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासूनची. वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. दीडशे वर्षांत इथला श्रोता इतका तयार झाला आहे की वक्ता उठून उभा राहायच्या आतच त्याचं कुठे चुकलं हे याला कळलेलं असतं. फरक एवढाच की तिथल्या वक्त्याला तुमचा मोबाइल नंबर नको असायचा.

या तयार श्रोत्यांचे मुकुटमणी म्हणजे नाना. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात कुठेही फुकट सेमिनार असो, नाना दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर हजर. श्रवणयंत्रं, गुडघ्याचे पट्टे, मावळातले प्लॉट, चारधाम यात्रा, सगळ्यांची भाषणं त्यांनी ऐकलेली. ‘श्रवणयंत्रवाल्यांचं कटलेट चांगलं होतं,’ ते सांगतात. ‘ऐकू काही आलं नाही, पण कटलेट उत्तम.’ घरी त्यांच्याकडे निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाच्या कापडी पिशव्या आहेत. भाजी आणायला जाताना वाराप्रमाणे पिशवी बदलते. प्रश्नोत्तरांत ते पहिले उठतात आणि ‘माझा प्रश्न नाही, सूचना आहे’ इथून सुरुवात करतात.

दारातच फॉर्म भरून घेतात. नाव, वय, मोबाइल, आणि मग ‘आपल्याला कोणती चिंता सतावते?’ समोर चौकोन. महागाई, आजारपण, व्याजदर, मुलं परदेशी, इतर. बहुतेक सगळे सगळ्या चौकोनांत खूण करतात. एका काकूंनी फक्त ‘इतर’वर खूण करून पुढे कंसात ‘सून’ असं लिहिलं होतं. सेमिनारकरांनी तो फॉर्म वेगळा काढून ठेवला. ‘या काकूंना स्वतःच्या नावावर पैसे हवेत,’ ते म्हणाले, आणि त्यांचं खरं निघालं. नाना मोबाइलच्या रकान्यात कधीचा बंद केलेला बीएसएनएलचा लँडलाइन नंबर लिहितात. सुवाच्य अक्षरात, एसटीडी कोडसकट.

करोनात सेमिनारकरांनी हेच सगळं झूमवर करून पाहिलं. अर्धा वेळ ‘आवाज येतोय का?’ यात गेला. एका काकांचा कॅमेरा छताकडे होता, दीड तास सगळ्यांनी त्यांचा पंखा पाहिला असता, पण फुकटातली झूमची बैठक चाळिसाव्या मिनिटाला बंद होते आणि सेमिनारकरांची प्रस्तावनाच पस्तीस मिनिटांची. महागाई सांगून झाली, उपाय सांगायच्या आत पडदा काळा. पुन्हा लिंक पाठवली तेव्हा दोघं परत आले. त्यातले एक नाना, कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या घरचा उपमा घेऊन. ‘वास पोचवता येत नाही तोवर या ऑनलाइनला अर्थ नाही,’ असा निष्कर्ष सेमिनारकरांनी काढला आणि निर्बंध उठल्याबरोबर पहिला फोन हॉलच्या मालकाला केला.

त्यांची खरी कमाल पाहायची तर नोव्हेंबरात. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी पूर्ण केलेल्यांना केंद्र सरकारने ऑक्टोबरपासूनच मुभा दिली आहे, म्हणजे सर्वांत म्हाताऱ्यांनी आपण जिवंत असल्याचं सर्वांत आधी कळवायचं. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं आणि बोटांच्या ठशांवर काम होऊ लागलं. पण सत्तरीनंतर बोटांच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र माणसाला ओळखत नाही. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देता येतो. आता हे मोबाइलवर कोण करून देणार? मुलगा सिएटलला, नातू क्लासला. सेमिनारकरांनी ही जागा हेरली. निमंत्रणावर मोठ्या अक्षरात ‘हयातीचा दाखला मोफत काढून मिळेल’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘त्यानंतर मार्गदर्शन’.

त्या दिवशी चाळीस नव्हे, साठही खुर्च्या कमी पडल्या, आणि या वेळी खोटं ओरडावं लागलं नाही. दाराजवळ टेबल, टेबलामागे वहिनी आणि त्यांचा भाचा. भाचा एकेका आजोबांसमोर मोबाइल धरतो. ‘आजोबा, सरळ बघा. आता डोळ्यांची उघडझाप करा.’ आजोबा एकच डोळा मिचकावतात. पलीकडे बसलेल्या आजी म्हणतात, ‘आत्ता सुचतंय हे?’ पुन्हा प्रयत्न. टोपी काढा. चष्मा काढा. चष्मा काढल्यावर आजोबांना मोबाइल दिसत नाही, ते वहिनींच्या पदराकडे बघून डोळे मिटतात. चौथ्या खेपेला हिरवी खूण उमटते. ‘झालं. जिवंत आहात,’ वहिनी सांगतात आणि आजोबा खरोखरीच निश्चिंत होऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसतात.

साडेपाचला सेमिनारकर माइक हातात घेतात. समई लावताना पंखा बंद करायचा हे कुणाच्याही लक्षात राहत नाही, म्हणून समई त्यांनी कधीच काढून टाकली आहे. प्रमुख पाहुण्यांना शालही नाही, तुळशीचं रोप. प्रस्तावना आता दोनच वाक्यांची.

‘आपण सगळे जिवंत आहोत, हे सरकारला पटलेलं आहे. आता प्रश्न आहे तो, अजून किती दिवस.’

हॉल हसतो, आणि हसता हसता त्यांच्या हाती लागतो. पुढचा तास ते ७२चं सूत्र सांगतात. बहात्तरला महागाईच्या दराने भागा, जितकी वर्षं येतील तितक्या वर्षांत खर्च दुप्पट. सहा टक्के धरले तर बारा वर्षं. आज महिन्याला चाळीस हजार लागत असतील तर बारा वर्षांनी ऐंशी. इथे मागून एक आजोबा उठले.

‘मी आज अठ्ठ्याहत्तरचा. बारा वर्षांनी मी कुठे असणार?’

‘काका, तुम्ही नसाल असं घटकाभर धरून चालू,’ सेमिनारकर म्हणाले. ‘काकू असतील ना?’

शेजारी बसलेल्या काकूंनी मघाशी पिशवीत टाकलेलं फुकटचं पेन परत बाहेर काढलं.

‘तुमच्या एफडी कुठल्या कुठल्या बँकांत आहेत, काकूंना माहीत आहे?’

‘तिला सांगितलं तर खर्च करील.’

‘नाही सांगितलं तर बँकेत पडून राहतील.’ आणि मग त्यांनी खरोखरच उपयोगाचं ते सांगितलं. दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. वारसाला ती मागता येते, पण आधी ती कुठे आहे हे तर ठाऊक पाहिजे. ते शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं. प्रत्येक ठेवीवर वारसाचं नाव लागलेलं आहे का, ते उद्याच जाऊन बघा. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्याच ठेवींना विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून. त्याआधी ते एक लाखच होतं. २०२२ मध्ये रुपी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा या पाच लाखांचा अर्थ पुण्यात पुष्कळांना कळला. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये पंधरा लाखांवरून तीस लाख झाली, ती आधी वापरा. त्यावर मला दमडी मिळत नाही, हेही सांगून टाकलं. शेवटी, बाजारातल्या जोखमीचं ते वाक्य. टीव्हीवर ते एका श्वासात उरकतात. सेमिनारकर ते सावकाश, अर्थ लागेल असं म्हणतात, आणि जन्मात पहिल्यांदाच ते नीट कळल्यामुळे दोघं-तिघं चुळबुळ करू लागतात. त्यांच्यासाठीच ते पातेल्याचं झाकण.

पण त्या दिवशी झाकण उघडायच्या आधी नाना उठले. सहा पंचवीस झाले होते.

‘माझी सूचना नाही,’ नाना म्हणाले, आणि ज्यांना नाना ठाऊक होते ते सावरून बसले. ‘प्रश्न आहे. आमच्या पैशात तुम्हाला किती मिळतात?’

बाकीच्या सेमिनारांत या प्रश्नाला ठरलेली उत्तरं असतात. ‘छान प्रश्न! त्याच्याकडे आपण येऊच.’ किंवा, ‘काका, मी पैशासाठी हे करतच नाही.’ सेमिनारकरांनी माइक तोंडापासून जरा लांब धरला, एकदा वहिनींकडे पाहिलं आणि आकडा सांगितला.

‘शेअर बाजाराच्या फंडात तुम्ही लाख रुपये ठेवलेत, तर मला वर्षाला पाचशे ते हजारच्या आसपास. फंडाप्रमाणे कमी-जास्त. तुम्हाला वेगळे द्यावे लागत नाहीत, पण जातात ते तुमच्याच खर्चातून, आकाशातून पडत नाहीत. पूर्वी सुरुवातीलाच एकरकमी मिळायचं. सेबीने २०१८ मध्ये ते बंद केलं. आता तुमचा पैसा जितकी वर्षं फंडात, तितकी वर्षं मला थोडं थोडं. तुम्ही दीर्घायुषी व्हा, असं मी उगाच म्हणत नाही.’

‘आणि तुमच्यामार्फत घेतलंच नाही तर?’

‘तर ते माझे पाचशे-हजार तुमचे. २०१३ पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट योजना आहे. ज्यांना स्वतः मोबाइलवर जमतं त्यांनी तीच घ्यावी. कशी घ्यायची ते मी उपम्यानंतर दाखवतो.’

हॉलमध्ये काही क्षण कुणी काही बोललं नाही. वहिनींनी कपाळाला हात लावला. केटररच्या पोराला वाटलं, संपलं बहुतेक, आणि त्याने पंधरा मिनिटं आधीच झाकण पुरतं काढलं.

त्या दिवशी उपम्याभोवती जी गर्दी झाली ती उपम्यासाठी नव्हती. कागद काढून लोक सेमिनारकरांना दाखवत होते. कुणाची जावयाने गळ्यात मारलेली पॉलिसी, कुणाच्या मुदत संपून पडलेल्या ठेवी. तिघं डायरेक्ट शिकून घरी गेले. त्यातल्या एका काकांचं पासवर्डापाशी अडलं. पासवर्डात एक विशेष चिन्ह हवं होतं आणि ते कीबोर्डवर स्वस्तिक शोधत होते. दुसऱ्यांचा ओटीपी बॉस्टनच्या मुलाच्या फोनवर जात होता आणि मुलगा झोपला होता. दोघंही आठवड्याभरात परत आले. तिसरे निवृत्त इंजिनियर, त्यांना जमलं. ते आजही दर सेमिनारला येतात आणि सेमिनारकर ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून त्यांना पुढे बोलावतात, तुळशीचं रोप देतात.

पाठपुराव्याचाही त्यांचा शिरस्ता आहे. दुसऱ्या दिवशी फोन करायचा नाही, हावरट दिसतं. आठ दिवसांनी केला तर लोक विसरतात. तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा ते साडेअकरा. पूजा झालेली, कुकर लावलेला, पेपर दुसऱ्यांदा वाचून झालेला. आणि फोनवर फंडाचा उल्लेख नाही. ‘काका, दाखला बँकेत पोचल्याचा मेसेज आला का? ठेवींवर काकूंचं नाव लागलं का?’ बस्स. उरलेलं संभाषण पलीकडचा माणूसच करतो.

त्या नोव्हेंबरात त्यांना जितक्या सह्या मिळाल्या तितक्या आधीच्या दोन पितृपक्षांत मिळून मिळाल्या नव्हत्या. दुसरा कुणी असता तर त्याने देवाला नारळ फोडला असता. सेमिनारकरांनी कार्यक्रमपत्रिका सुधारली. पुढच्या सेमिनारला आभारप्रदर्शनासाठी मी गेलो तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. पाच वाजता नोंदणी. साडेपाचला स्वागत. पाच चाळीसला महागाई. सहाला वारसनोंद. आणि त्याखाली, ‘६.२५ – नानांचा अवघड प्रश्न’.

‘नाना तयार झाले?’ मी विचारलं.

‘आनंदाने. फक्त त्यांची एक अट आहे. उपमा त्यांना आधी.’

तेव्हापासून नाना दर सेमिनारला सहा पंचवीसला उठतात, कपाळाला आठ्या घालतात आणि अनोळखी माणसाच्या आवाजात विचारतात, ‘आमच्या पैशात तुम्हाला किती मिळतात?’ सेमिनारकर माइक जरा लांब धरतात, वहिनींकडे बघतात, वहिनी कपाळाला हात लावतात. सगळं बसवलेलं. एकदा नानांना सर्दी झाली म्हणून ते आले नाहीत, तर प्रश्न यशस्वी विद्यार्थ्यांनी विचारला आणि भलताच गुळमुळीत विचारला. सेमिनारकर आठवडाभर नाराज होते.

मी एकदा त्यांना म्हटलं, ‘हे नाटक नाही का?’

‘प्रश्न नाटक आहे,’ ते म्हणाले. ‘आकडा खरा आहे. उलटं करणारे पुष्कळ आहेत.’

हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. याच कोथरूडमध्ये मोठमोठ्या हॉटेलांत सेमिनार होतात. तिथे प्रश्न खरे असतात आणि उत्तरं बसवलेली. तिथे चांदीचा वर्ख लावलेली मिठाई असते, न्यायला-आणायला गाडी असते, सुटातला तरुण दर दहा मिनिटांनी ‘गॅरंटीड’ म्हणतो, आणि आकडा विचारला की आपल्या आईची गोष्ट सांगतो. नानांनी तिथलीही पिशवी मिळवलेली आहे, पण ते ती भाजीला नेत नाहीत. ‘त्या पिशवीची किंमत कुणीतरी दिलेली असते,’ म्हणतात. चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने हिशेब बरोबर मांडलाय. सेमिनार फुकट नसतो. उपम्याचे पैसेही शेवटी कुणाच्या तरी गुंतवणुकीतूनच येतात. म्हणून ज्याचा उपमा साधा, त्याचा आकडा लहान असण्याची शक्यता जास्त.

सेमिनारकर लोकांना हॉलमध्ये आणण्यासाठी सतरा युक्त्या करतात. खुर्च्या लपवतात, वास सोडतात, अवघड प्रश्नसुद्धा स्वतःच पेरतात. पण ठेवींवर बायकोचं नाव लावायला त्यांनी जितक्या नवऱ्यांना लावलं तितक्यांना कुठल्या बँकेच्या मॅनेजरनेही लावलं नसेल, आणि एकदा आकडा सांगायची सवय लागल्यावर ती त्यांनी सोडलेली नाही. धंदेवाईक माणसाकडून याहून जास्त मागू नये.

तेव्हा मंडळी, निमंत्रण आलं तर जा. पेन घ्या, पिशवी घ्या, उपमा दोनदा घ्या. कार्डावरचा एआरएन क्रमांक ॲम्फीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, तो घरी गेल्यावर तपासा. आणि सही करण्याआधी नानांची वाट न बघता स्वतः उठून विचारा, ‘आमच्या पैशात तुम्हाला किती मिळतात?’ उत्तर आकड्यात आलं तर त्यांना तुमचा मोबाइल नंबर द्या. गोष्टीत आलं तर लँडलाइनचा.